दोरी, गादी आणि गुल्ली

आमच्या भागात गुडघा दुखला की निदानं दोनच. एक तर ‘नस चढली’, नाहीतर ‘गादी गेली’. माझ्या उजव्या गुडघ्याची आधी चार महिने नस चढली होती आणि नंतर एका दिवसात गादी गेली. पुण्याला जायच्या आदल्या रात्री आमच्या मंडळाचा जुना खेळाडू घरी आला आणि खात्रीनं सांगून गेला, “काळजी करू नको. मांडीतली नस काढतात आणि गादीच्या जागी बसवतात. पाव्हण्याच्या पोराचं झालंय, आता पळतोय.” मी ते जसंच्या तसं डोक्यात घेऊन गेलो. पुढचा सगळा घोळ त्या एका वाक्यात होता. तो सुटायला मला डॉक्टरांचे दोन तास आणि वडिलांची सुतारकी लागली.

मी कराडजवळच्या गावचा. पतसंस्थेत नोकरी, वय छत्तीस, आणि वीस वर्षं डाव्या कोपऱ्याला कबड्डी. जत्रेच्या सामन्यात चढाईपटूचा घोटा धरायला झेप घेतली, पाय मातीत रुतलेला राहिला आणि अंग वळलं. ओली फांदी मोडावी तसा ‘कट्’ आवाज आला. तो मला ऐकू आला, आणि शेजारी उभ्या असलेल्या मध्यरक्षकालाही. तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत. “लचक आहे,” म्हणून क्रेप बँडेज, गोळ्या, तीन आठवडे आराम. आवाज आला होता आणि सूज लगेच चढली होती, एवढ्या दोन गोष्टींवरून आतला लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तुटल्याचा संशय घ्यायला हवा होता, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी कुणी पाय हातात धरून ओढून बघितला नाही. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडत नाही. तीन आठवड्यांनी सूज उतरली आणि मीच ठरवलं, झालं बरं.

झालं नव्हतं. सरळ चालताना काही वाटायचं नाही, पण जिना उतरताना वळलो की गुडघा सटकायचा. म्हणजे वरचं हाड एकीकडे आणि खालचं दुसरीकडे गेल्यासारखं क्षणभर व्हायचं आणि पोटात गोळा यायचा. मी मेडिकलमधून घट्ट नी-कॅप आणली आणि तिच्या भरवशावर पुन्हा सरावाला उतरलो. दर सटक्याला आत काय घासतंय, काय चिरडतंय याची कल्पनाच नव्हती. जुलैत एका संध्याकाळी पकड करताना गुडघा सटकला तो वाकलेलाच राहिला. सरळ होईना. पोरांनी पाळणा करून घरी आणला.

पुण्यातल्या डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं. एका हातानं मांडी धरली आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढली. ती सरकली. मलाही दिसली. मग डाव्या पायाची ओढली, ती खट्‌कन अडली. एमआरआय त्यानंतर झाला, पण खरं निदान त्या दहा सेकंदांत झालं होतं. रिपोर्टात तीन गोष्टी होत्या. पुढचा क्रुसिएट लिगामेंट पूर्ण तुटलेला. आतल्या बाजूचा मेनिस्कस कडेनं लांब फाटून मध्ये उलटलेला, बादलीची कडी एका बाजूला पडावी तसा. गुडघा त्यानंच अडकला होता. आणि मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा एका जागी पार हाडापर्यंत गेलेली, करंगळीच्या नखाएवढी.

मी पाठ करून आणलेला प्रश्न विचारला. फक्त ‘नस’च्या जागी ‘टेंडन’ म्हणालो, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. “मांडीतला टेंडन काढून गादीच्या जागी बसवता ना?”

डॉक्टर हसले नाहीत. टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा त्यांनी माझ्याकडे सरकवला. “तुम्ही ज्याला गादी म्हणताय त्या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत,” ते म्हणाले. हाडांच्या टोकांवर चिकटलेला गुळगुळीत पांढरा थर ही एक, कूर्चा. दोन-तीन मिलिमीटर जाडीची. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही, म्हणून ती झिजते तेव्हा स्वतः दुखत नाही आणि फाटली की आपली आपण भरत नाही. दुखतं ते खालचं हाड. दुसरी वस्तू म्हणजे दोन हाडांच्या मध्ये बसलेल्या चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या, त्या मेनिस्कस. आणि टेंडन लागतो तो या दोन्हींसाठी नाही. टेंडन लागतो तिसऱ्यासाठी, तुटलेल्या लिगामेंटच्या जागी.

“पण का नाही?” हे माझ्या वडिलांनी विचारलं. आबा पंचाहत्तरीचे. उमेदीत बैलगाड्या केल्या, पुढं दारं-खिडक्या. त्यांना कुठलीही वस्तू कशी बसते ते कळल्याशिवाय झोप लागत नाही.

डॉक्टरांना बहुधा असा श्रोता आवडला. ते म्हणाले, प्रयत्न झालेत. टेंडन गोल वळवून मेनिस्कसच्या जागी शिवून बघितलाय, मेंढ्यांमध्ये आणि थोड्या माणसांमध्येही. पण ती नेहमीची शस्त्रक्रिया झाली नाही. टेंडन ओढ सोसायला घडलेला असतो. मेनिस्कसवर पडतो तो दाब. शरीराचं वजन वरून आलं की मेनिस्कस बाहेर फाकायला बघतो आणि त्याच्यातले गोल फिरलेले तंतू त्याला आवळून धरतात.

“म्हणजे चाकाची धाव,” आबा म्हणाले.

डॉक्टरांना धाव माहीत नव्हती. आबांनी समजावलं. लाकडी चाकाला बाहेरून लोखंडी पट्टी तापवून चढवतात. गार झाली की ती आवळते, आणि चाकावर कितीही वजन आलं तरी पाट्या फाकत नाहीत. धाव निघाली की चाक चार दिवसांत खिळखिळं. “आणि धावेच्या जागी दोरखंड गुंडाळून भागत न्हाई,” असं त्यांनी वर जोडलं. डॉक्टर म्हणाले, “आजोबा, हे मी आता सगळ्या पेशंटना सांगणार.”

मग एकेका वस्तूचं काय करायचं ते निघालं, आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की मलाही ठरवायचं आहे.

मेनिस्कसचं दोन प्रकारे होतं. फाटका तुकडा कापून काढायचा, म्हणजे आठवड्याभरात चालता येतं. किंवा टाके घालून शिवायचा, म्हणजे सहा आठवडे कुबड्या. एके काळी सगळा मेनिस्कसच उपटून टाकत. नको असलेला अवयव समजत त्याला. फेअरबँक नावाच्या ब्रिटिश सर्जननं १९४८ साली अशा गुडघ्यांचे एक्स-रे बघून दाखवलं की नंतर सांध्यात बदल होत जातात. आता शक्य तेवढा वाचवतात. माझा फाटला होता तो बाहेरच्या कडेला. तिथंच काय तो रक्तपुरवठा असतो. आतल्या कडेला फाटला असता तर शिवून जुळला नसता. नशीब म्हणायचं ते एवढंच. संपूर्ण गेला असता तर मृत दात्याचा मेनिस्कस बसवायचा मार्ग असतो, पण आपल्याकडे तसा मापाचा मिळणं अवघड. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये ऊती पेढी १९८८ पासून आहे, हे त्या निमित्तानं कळलं. डोळे आणि रक्त सोडून माणसाचं आणखी काही पेढीत ठेवतात हे मला माहीत नव्हतं.

कूर्चेच्या खड्ड्याला तीन पर्याय होते. पहिला, खड्ड्याच्या तळाच्या हाडाला बारीक भोकं पाडायची, रक्त वर येतं, त्यातून एक थर धरतो. सोपं आणि स्वस्त, पण जो थर येतो तो मूळ कूर्चेचा नसतो, वणासारखा चिवट असतो आणि खेळणाऱ्याच्या गुडघ्यात काही वर्षांत दगा देऊ शकतो. दुसरा, स्वतःच्या कूर्चेच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत पेरायच्या. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९८७ मध्ये हे पहिल्यांदा माणसावर केलं, १९९४ मध्ये जगापुढे मांडलं. मोठ्या खड्ड्याला ते चांगलं, पण दोन वेळा टेबलावर जायचं आणि खर्च माझ्या विम्याच्या बाहेर. तिसरा म्हणजे गुडघ्याच्याच कडेला, जिथं भार कमी येतो तिथून, कूर्चेसकट हाडाची छोटी दंडगोल गुल्ली काढायची आणि खड्ड्यात ठोकून बसवायची. बुडापेस्टच्या हांगोडी नावाच्या सर्जननं १९९२ च्या सुमारास ही पद्धत रुळवली. लहान खड्ड्याला ठीक. माझ्यासाठी डॉक्टरांचा कल याकडे होता.

आबांचा चेहरा उजळला. फळीतली मेलेली गाठ कोरून काढायची आणि तिथं चांगल्या लाकडाची गुल्ली मारायची, हे त्यांनी हजार वेळा केलंय. “गुल्ली वर राहिली तर?” त्यांनी विचारलं.

“तेच सांभाळायचं असतं. एक मिलिमीटर वर राहिली तरी समोरच्या कूर्चेला घासते.”

“आनि रंधा मारता येत न्हाई.”

“नाही येत.”

“मग फट? गुल्लीच्या कडंनं फट ऱ्हाणार.”

डॉक्टर जरा थांबले. म्हणाले, “राहते. खालचं हाड हाडाला सहा-आठ आठवड्यांत जुळतं. वरची कूर्चा शेजारच्या कूर्चेला नीट जुळत नाही.”

“लाकूड सांधतं, वरचा सनमायका सांधत न्हाई,” आबा माझ्याकडे वळून म्हणाले. मी आजवर या विषयावर जेवढं काही वाचलं, त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

राहिला लिगामेंट, म्हणजे ज्यासाठी खरंच टेंडन लागतो तो. तो कुठून काढायचा यालाही चार वाटा. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंगचे दोन टेंडन. वाटीखालचा टेंडन, दोन्ही टोकांना हाडाच्या चिपा ठेवून; तो पक्का धरतो, पण नंतर गुडघे टेकताना दुखू शकतं. वाटीच्या वरचा, क्वाड्रिसेप्सचा, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचा. आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा पेरोनियस, जो आपल्याकडे हल्ली बरेच सर्जन वापरतात. मी गुडघे टेकण्याचा विचार केला. डाव्या कोपऱ्याचा खेळाडू अर्धा सामना गुडघ्यावर असतो. हॅमस्ट्रिंग ठरला. त्या टेंडनचं एक गमतीचं सांगितलं डॉक्टरांनी: काढल्यावर बऱ्याच जणांत तो पुन्हा वाढतो. पालीची शेपटी. माझ्या धाकट्या लेकीनं हे शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं.

शस्त्रक्रिया सप्टेंबरात झाली. पाठीत इंजेक्शन दिलं, पाय आधी गरम झाले आणि मग कुणा दुसऱ्याचे झाले. मी जागा होतो आणि गुडघ्यात घातलेल्या कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवून द्या असं मीच म्हणालो होतो. जे दिसलं ते विसरता येत नाही. चांगली कूर्चा शहाळ्यातल्या मलईसारखी, ओली, चमकदार, जवळजवळ निळसर पांढरी. कॅमेरा थोडा सरकला आणि मध्येच ती मलई चमच्यानं ओरबाडल्यासारखी, कडा पाण्यात हलणाऱ्या, आणि तळाला लालसर हाड. डॉक्टर म्हणाले, “हे तुमचे चार महिने.” एवढंच. लिगामेंट त्या दिवशी मातीत तुटला होता, पण हा खड्डा नी-कॅप घालून खेळलेल्या दिवसांतला असावा, असं त्यांचं मत होतं. वर्षभर सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

बाजूच्या टेबलावर एक सहायक डॉक्टर माझे टेंडन साफ करत होते. स्टीलच्या पट्टीनं खरवडून त्यावरचं मांस काढलं, दुमडून चार पदरी केलं, टोकांना निळ्या धाग्यानं वीण घातली, मापाच्या भोकातून ओढून बघितलं. “साडेआठ,” ते म्हणाले. आठ मिलिमीटरच्या वर आला की बरं, हे मला ठाऊक होतं, म्हणून परीक्षेचा निकाल लागल्यासारखं वाटलं. मग ती दोरी अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवली. वरच्या हाडातून तिला छोट्या धातूच्या बटणावर अडकवलं, खालच्या हाडात स्क्रू पिळून आवळलं. गुल्ल्या बसवताना हातोडीचे ठोके आले. दुखत नव्हतं, पण ठोका कमरेपर्यंत जाणवायचा. डोळे मिटले की आबांचं दुकान.

विम्यानं बरंच उचललं, पण बटण, स्क्रू, मेनिस्कसचे टाके यांचं बिल वेगळं निघतं आणि विमा कंपनी त्यातलं काय मान्य करील ते डिस्चार्जच्या दिवशी दुपारी चारला कळतं. सगळं मिळून अडीच लाखांच्या पुढे गेलं. त्यातले सत्तर हजार खिशातून. जाणाऱ्यानं इम्प्लांटची यादी आधी लेखी मागून घ्यावी.

त्यानंतरचं कुणी नीट सांगत नाही. शस्त्रक्रिया तीन तासांची, पण काम पुढचे दहा महिने. पहिले सहा आठवडे उजवा पाय टेकायचा नाही, लांब ब्रेस, बगलेत कुबड्या. मांडीचा स्नायू आवळ म्हटलं तर आवळेना. मेंदूनं सांगायचं आणि मांडीनं ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. फिजिओथेरपीच्या मॅडम वाटीवर बोट ठेवून बसायच्या, “हलली की सांगते.” अकराव्या दिवशी हलली. मी इतका खूश झालो की पतसंस्थेच्या ग्रुपवर टाकलं, आणि कुणाला काही कळलं नाही.

गुडघा वाकवायला टाच घसरवायची असते. आमच्या शहाबादी फरशीवर ती अडखळायची. लेकीनं कॅरमबोर्ड आणला, वर बोरिक पावडर टाकली आणि माझी टाच ठेवली. त्या बोर्डावर मी नव्वद अंशांपर्यंत आलो. त्यापुढं सहा आठवडे जायचं नव्हतं, टाके ताणले जातात. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं सहा महिने बंद. गावाकडच्या घरात हे म्हणजे काय ते सांगायला नको. पंगतीला मी खुर्चीवर आणि बाकी भावकी खाली, आणि वाढणारा प्रत्येक माणूस विचारणार, “काय झालं?” संडासासाठी खुर्ची कमोड आणला. आईनं तो पाहुणे आले की ताडपत्रीखाली झाकून ठेवला.

नडगीच्या बाजूला तळहाताएवढी कातडी बधिर झाली ती अजून आहे. टेंडन काढायच्या चिरेजवळून एक बारीक मज्जातंतू जातो, तो दुखावतो. पँटचं कापड लागलं की पाय दुसऱ्याचा वाटतो. कधी मुंगी चावते आणि मला ती दिसते, जाणवत नाही.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास मला एकदम चांगलं वाटायला लागलं. मॅडमनी त्याच दिवशी दम दिला. बसवलेला टेंडन आधी मऊ पडतो, त्याच्यात नवीन रक्तवाहिन्या शिरतात, मग तो हळूहळू लिगामेंटासारखा होतो. ज्या काळात माणसाला वाटतं मी बरा झालो, तेव्हाच दोरी सगळ्यात कच्ची असते. हे मी आधी एकदा करून चुकलो होतो. त्यामुळे ऐकलं.

आबांनी मात्र त्यांचं स्वतःचं एक काम काढून घेतलं होतं. मांडी सुकते म्हटल्यावर दर रविवारी ते शिंप्याची टेप घेऊन यायचे, वाटीच्या वर एक वीत मोजून खूण करायचे आणि दोन्ही मांड्यांचा घेर घ्यायचे. वहीत लिहिणं त्यांना पटत नाही. माजघराच्या दाराची चौकट त्यांनीच १९८१ साली बसवलेली, सागवानी. तिच्यावर कानावरच्या पेन्सिलीनं ते रेघ मारायचे, दोन मांड्यांतला फरक तेवढ्या लांबीची. पहिली रेघ साडेचार सेंटिमीटरची. दिवाळीत चार. संक्रांतीला तीन. एकदा ताप आला आणि व्यायाम चुकला, तर रेघ पुन्हा वाढली आणि आबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

दहाव्या महिन्यात एका पायावर उड्या मारायची चाचणी झाली. उजवा पाय डाव्याच्या ब्याण्णव टक्के भरला. नव्वदच्या वर हवा असतो. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण कूर्चेचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “लिगामेंटची मी खात्री देतो तेवढी त्या गुल्लीची देत नाही. पळापळी कमी करा, वजन वाढू देऊ नका, आणि दरवर्षी दाखवा.” मी कोपरा सोडला. आता पोरांना पकड शिकवतो, मॅटवर शक्यतो उभ्यानं. कुणाचा गुडघा सुजला की आधी विचारतो, आवाज आला का, आणि एक्स-रेवर समाधान मानू देत नाही.

परवा रविवारी आबा टेप घेऊन आले. एक सेंटिमीटर. त्यांनी रेघ मारली, चष्मा वर करून सगळ्या रेघा वरून खालपर्यंत बघितल्या आणि म्हणाले, “व्हारनिश मारायचं ऱ्हायलंय या चौकटीला. पर आता नको.”